विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला कुठलं कॅलिबर घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचाच एक तरुण, दोन वर्षांपासून विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला, एच-वन-बी व्हिसावर. ऑफिसातले सहकारी त्याला येत्या नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला बोलावतायत. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६० किलो. आजवर बंदूक हातात घेतली ती फक्त कॉलेजात एनसीसीला असताना, तीही .२२. एक सहकारी म्हणतो .३०० विंचेस्टर मॅग्नमच घे, दुसरा म्हणतो .२४३ पुरे, आणि व्हिडिओंमध्ये सगळीकडे ६.५ क्रीडमूर. ‘काका, गोंधळ उडालाय, एकच सांगा, कुठलं घेऊ?’

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, आणि तिच्यावरून पडलेलं काडतुसाचं नाव. एकच सांगायचं तर .३०८ विंचेस्टर. तुमच्या अंगकाठीला ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ त्याहून सोयीचं पडेल. खांद्याला तेही जड वाटलं तर .२४३, पण योग्य गोळी घालून. .३०० मॅग्नम मात्र अजिबात नको. आता हे का, ते सविस्तर सांगतो. कारण न कळता नुसतं नाव घेऊन दुकानात गेलात, तर दुकानदार पाच मिनिटांत तुमचं मन फिरवेल.

मी विस्कॉन्सिनमध्ये १९९६ ते २०१९ राहिलो, एका कारखान्यात मशीन मेंटेनन्सला होतो. २००२ पासून २०१८ पर्यंत सलग सतरा हंगाम शिकारीला गेलो. आता जुळे सोलापुरात असतो. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: हे सगळं तिथलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि नान्नजच्या माळावर दिसणारं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे शिकलेलं इथे वापरायचा विचारसुद्धा नको. तसंही काळवीट आणि तिथे ज्याची शिकार होते ते व्हाइटटेल ही दोन वेगळी कुळं. काळवीट कुरंग कुळातलं, त्याची शिंगं जन्मभराची. व्हाइटटेल खरं हरीण, नराची शिंगं दर वर्षी गळून नवी येतात. वजनातही फरक आहे. काळवीट ३५-४० किलोचं, तर तिथला मोठा नर ९० किलोपर्यंत सहज जातो.

कॅलिबरच्या आधी तुमच्या व्हिसाचं बघू, कारण मित्रमंडळींपैकी कुणीही हे तुम्हाला सांगणार नाही. ते तिथले नागरिक, त्यांना याची गरजच पडत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. तिथल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना तुमच्याकडे असणं, हा त्यातला एक अपवाद. याचा व्यवहारातला अर्थ असा की, परवाना नसताना मित्राने ‘धर जरा, बघ कशी वाटते’ म्हणून रायफल हातात दिली, तरी ती घ्यायची नाही. रेंजवर सरावालाही नाही. हा केंद्रीय गुन्हा आहे आणि व्हिसा त्यात सहज जाऊ शकतो. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (१ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये परवान्यासाठी त्याचं प्रमाणपत्र लागतं), मग परवाना, मग रायफल. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, हे विसरू नका. आणि कंपनीचा इमिग्रेशन वकील असतोच, त्याला एक मेल टाकून खात्री करून घ्या.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंत, ‘हरणाला कुठलं कॅलिबर पुरतं?’ याचं उत्तर खरं तर फार सोपं आहे: तुम्ही घेतलेली सगळीच नावं पुरतात. खरी अडचण दुसरीच आहे. थंडीने बोटं आखडलेली, अंगावर जाड जॅकेट, छातीत धडधड, आणि ७० यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) हरीण उभं. अशा वेळी कुठल्या रायफलीची गोळी तुम्ही हमखास त्याच्या छातीत, योग्य जागी घालू शकाल? हा प्रश्न हरणाचा नाही, तुमच्या खांद्याचा आणि हाताचा आहे.

हरणाला काय लागतं ते आकड्यांत बघू. फुप्फुसं आणि हृदय मिळून जी जागा आहे, तिचा व्यास साधारण ८ इंच, म्हणजे आपल्या पोह्याच्या बशीएवढा. जुन्या शिकाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, की गोळी हरणापर्यंत पोचताना तिच्यात १००० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असावी. तो ठोकताळाच आहे, निसर्गनियम नव्हे, पण हिशोबाला बरा. .२४३ची १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २०० यार्डांवरही १३००च्या आसपास ऊर्जा राखून असते. .३०८ची १५० ग्रेनची १८००च्या आसपास. एवढंच काय, १८९५ सालचं .३०-३०, ज्याला आज पोरं म्हातारं काडतूस म्हणतात, तेही २०० यार्डांवर जवळपास हजारावर असतं. आणि विस्कॉन्सिनच्या जंगलात माझ्या बहुतेक गोळ्या १०० यार्डांच्या आत सुटल्या. झाडीच इतकी दाट, की त्यापलीकडचं दिसतच नाही. शेतांच्या कडेला बसणार असाल तर अंतर वाढतं, म्हणून तुम्ही कुठे बसणार हे मित्रांना आधीच विचारून ठेवा. पण २०० यार्डांपलीकडे पहिल्या दोन-तीन हंगामांत जाऊच नका.

ऊर्जा सगळ्यांत पुरेशी आहे म्हटल्यावर निवड कशावर करायची? धक्क्यावर, म्हणजे गोळी सुटताना रायफल खांद्याला मागे जो दणका देते त्यावर. साधारण ८ पाउंडाच्या रायफलीत .२४३चा धक्का ९-१० फूट-पाउंड असतो, ६.५ क्रीडमूरचा १२-१३, .३०८चा १७, .३०-०६चा २०, आणि .३०० मॅग्नमचा २६-२७ किंवा त्याहून जास्त. एनसीसीच्या .२२चा धक्का तुम्हाला आठवतही नसेल, कारण तो नसल्यातच जमा होता. तिथून थेट मॅग्नमवर उडी मारायची म्हणजे सायकल शिकलेल्याने दुसऱ्या दिवशी घाटात ट्रक घ्यायचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. तिसऱ्या हंगामात, २००४ला, मी .३०० मॅग्नम घेतली होती. मोठी म्हणजे चांगली, असं मलाही वाटत होतं. रेंजवर दहा-बारा गोळ्यांनंतर खांदा निळा पडला. पण बंदूक महाग होती, मीही हट्टी. त्या नोव्हेंबरात एक मादी ६०-७० यार्डांवर आडवी उभी राहिली. याहून सोपा नेम मिळत नाही. चाप ओढायच्या क्षणी माझे डोळे मिटले, खांदा पुढे ढकलला गेला, आणि गोळी छातीऐवजी पोटात गेली. वर मी दुसरी चूक केली: लगेच मागे धावलो. जखमी जनावर पाठलाग कळताच उठून पुढे जातं. रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन पानांवरचे थेंब शोधत होतो. दलदलीशी रक्ताचा माग संपला. तिसऱ्या दिवशी कावळ्यांवरून जागा सापडली. एका जिवाला मी तसं मरायला लावलं, आणि ते माझ्या मनातून आजतागायत गेलेलं नाही. ती रायफल पुढच्या महिन्यात विकली.

त्यानंतर शेजारच्या एका वयस्कर शेतकऱ्याने मला रेंजवर नेलं. त्याने माझ्या रायफलीत स्वतः काडतुसं भरली, मला बघू दिलं नाही. मधूनच एखादं डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस. मी नेम धरला, चाप ओढला, आणि आवाजच नाही. पण नळीचं टोक चांगलं दोन इंच खाली गेलेलं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. धक्का यायच्या आधीच माझं अंग धक्क्याला घाबरून दबत होतं. ही सवय एकदा लागली की सुटायला महिने लागतात, मला तर पूर्ण एक वर्ष लागलं. म्हणून तुम्हाला ती लागूच नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

आता एकेका काडतुसाबद्दल.

.३०८ विंचेस्टर १९५२ सालचं. लष्कराच्या ७.६२ x ५१चं नागरी भावंड. कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं, गोळ्यांचे प्रकार भरपूर, रायफली सगळ्या किमतींत. १५० ग्रेनची गोळी हरणाला उत्तम. या ग्रेनचा गोंधळ होतो म्हणून सांगतो: १५० ग्रेन म्हणजे ९.७ ग्रॅम, सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याला किंचित कमी. पुढे कधी अस्वल किंवा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेलात तरी ही रायफल बदलावी लागत नाही.

७ एमएम-०८ आणि .२४३ ही दोन्ही याच .३०८च्या पुंगळीचं तोंड अरुंद करून केलेली. ७ एमएम-०८ मला मनापासून आवडतं. माझ्या मुलीला मी तीच रायफल दिली होती. धक्का मवाळ, काम पूर्ण. फक्त छोट्या गावात काडतुसं मिळतीलच असं नाही, म्हणून सप्टेंबरातच घेऊन ठेवायची.

६.५ क्रीडमूर २००७ सालचं, मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी काढलेलं. त्याचं कौतुक होतं ते लांब अंतरावर. तुम्हाला ते अंतर मारायचं नाही, पण धक्का कमी आणि अचूकता चांगली हे फायदे जवळही मिळतातच. आता सगळीकडे मिळतं. घेतलंत तर चूक मुळीच नाही.

.२७० विंचेस्टर (१९२५) आणि .३०-०६ (हे १९०६ सालचं, तिकडे ‘थर्टी-ऑट-सिक्स’ म्हणतात) ही दोन्ही उत्तम, पण तुमच्यासाठी दुसऱ्या रायफलीची गोष्ट. .२७०चा धक्का जवळपास .३०८एवढाच, .३०-०६चा थोडा जास्त. सहकाऱ्याच्या आजोबांची .३०-०६ घरात पडून असेल आणि तो ती वापरायला देत असेल, तर परवाना हातात असताना रेंजवर जरूर चालवून बघा. जाता जाता एक गंमत, म्हणजे या आकड्यांवर फार विसंबू नका. .३०-०६ आणि .३०८ दोन्हींची गोळी एकाच जाडीची, ०.३०८ इंच. आणि .२७०ची गोळी प्रत्यक्षात ०.२७७ इंच. नाव हे नाव असतं.

.२४३ (१९५५) बद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तुमच्या वजनाकडे बघून बरेच जण तेच सुचवतील. कमी धक्क्यामुळे ते नवख्यांना खरंच सोपं जातं. पण याच काडतुसात ५५ ते ७५ ग्रेनच्या हलक्या गोळ्याही येतात, त्या कोल्हे-उंदरांसारख्या लहान प्राण्यांसाठी केलेल्या. त्या हरणाच्या बरगडीवर लागल्या की वरच्या वरच फुटतात, आत पोचत नाहीत. वरून भयंकर जखम, आणि जनावर तसंच पळतं. .२४३ घेतलंत तर गोळी ९० ते १०० ग्रेनचीच, आणि डब्यावर हरणाचं चित्र आहे का तेही बघा. यात नेमात चूक झाली तर सांभाळून घ्यायला जागा कमी राहते, हे मान्य करून घ्या. कोन वाकडा असेल तर .३०८ने मी जो नेम घेईन, तो .२४३ने घेणार नाही.

गोळीची बनावट कॅलिबरइतकीच महत्त्वाची आहे, पण तिच्यावर कुणी भांडत नाही, म्हणून ती मागे राहते. साधी शिशाच्या टोकाची सॉफ्ट पॉइंट गोळी हरणाला पुरेशी. बाँडेड गोळीत शिसं आणि तांब्याचं आवरण एकमेकांना घट्ट चिकटवलेलं असतं, ती जास्त एकसंध राहते. पूर्ण तांब्याची गोळी थोडी महाग, पण मांसात शिशाचे कण राहत नाहीत. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर मी तांब्याचीच घेईन, आणि शेवटची सात-आठ वर्षं मी तीच वापरली. लष्करी पद्धतीची, पूर्ण आवरणाची गोळी मात्र शिकारीला नाही. ती फुलत नाही, आरपार छोटं भोक पाडून निघून जाते.

तर आतापर्यंतचा हिशोब असा: ऊर्जा सगळ्यांत पुरेशी, म्हणून धक्का बघायचा, मग गोळी योग्य निवडायची, आणि काडतूस गावात मिळतं का ते विचारायचं. आता यादीत सहसा नसलेली एक गोष्ट, जी तुमच्या उंचीला कॅलिबरहून जास्त भोवेल: दस्त्याची लांबी. कारखान्यातून येणाऱ्या रायफलीचा चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचा भाग साडेतेरा-चौदा इंचांचा असतो, तो सहा फुटी माणसाला बसतो. तुमच्या अंगावर वर जाड जॅकेट असेल, म्हणजे तो आणखी इंचभर लांब. रायफल खांद्याला लावताना दस्ता काखेत अडकतो, मान पुढे ताणावी लागते, दुर्बिणीत काळी कड दिसते, आणि हरीण निघून जातं. कॉम्पॅक्ट किंवा यूथ नावाचा साडेबारा-तेरा इंची दस्ता मागा. यूथ शब्दाची लाज बाळगू नका. दुकानात जाताना शिकारीचं जॅकेट घालून जा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं, तर रायफल तुमची.

वजनाबाबत उलटं वाटेल, पण फार हलकी रायफल घेऊ नका. हलकी रायफल जास्त लाथ मारते. दुर्बिणीसकट साडेसात-आठ पाउंड बरं. धक्का कमी करायला नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावतात, तो चालतो, पण आवाज भयंकर वाढतो. जंगलात शेजारी बसलेल्याच्या कानाचं नुकसान होतं. मी लावला नाही, लावायला सांगतही नाही.

सरावासाठी एक .२२ रायफल मिळाली तर तिच्यावर पाचशे गोळ्या आणि मोठ्या रायफलीवर शंभर, हे प्रमाण ठेवा. .२२ने हरीण मारायचं नाही, ती फक्त हाताला वळण लावण्यासाठी. मोठ्या रायफलीवर एका बैठकीत पंधरा-वीसच्या पुढे जाऊ नका. खांदा दुखायला लागला की त्यापुढची प्रत्येक गोळी वाईट सवय शिकवते. मित्राला डमी काडतुसं मिसळून भरायला सांगा. .३०८ची दुर्बीण १०० यार्डांवर गोळी दीड-दोन इंच वर लागेल अशी बसवली, की २०० यार्डांपर्यंत छातीच्या मध्यावर नेम धरला तरी गोळी बशीच्या आतच जाते, वर-खाली हिशोब लागत नाही. बाकावरून बसवून झालं की बाक सोडा. गुडघ्यावर, झाडाला टेकून, बसून मारा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या बशीत बसतात, तेच तुमचं अंतर. ते ८० यार्ड निघालं तर ८०.

हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम. तिरकं, आपल्यापासून दूर तोंड करून असेल तर पलीकडच्या खांद्याचा विचार करून. समोर तोंड, पाठमोरं, पळतं, डोकं: सोडून द्या. चांगली लागलेली गोळी घेऊनही हरीण ५०-१०० यार्ड पळतं, तेव्हा घाबरू नका. जागेवर बसा, शेवटचं कुठे दिसलं ते झाड डोळ्यात ठेवा, अर्धा तास थांबा. मग रक्त बघा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, जवळच पडलेलं सापडेल. गडद लाल असेल तर यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट-तपकिरी आणि उग्र वासाचं असेल तर पोट, आणि सहा-आठ तास लांब बसा. २००४मध्ये मला एवढं कुणी सांगितलं असतं तर ती मादी निदान हाती लागली असती.

पहिल्या हंगामात विकत घेण्याची घाई नको. परवाना काढा, आणि मित्राची .३०८ किंवा .२४३ वापरा. नोव्हेंबरातला बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा, तो थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे सरावाला उन्हाळा पुरता हातात आहे. कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी असावे लागतात, तो नियम आहे. हरीण मिळालं तर क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाची तपासणी करून घ्या. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग २००२पासून आहे, आणि अहवाल यायच्या आत मांस खाऊ नका. अहवाल स्वच्छ आला की मागच्या मांडीचा रस्सा काळं तिखट घालून मंद आचेवर दोन तास ठेवा. या मांसात चरबी नसते, म्हणून तेल थोडं सढळ. कडक भाकरी तिथे मिळणार नाही, ती आईकडून मागवा.

आणि शेवटचं, शिकारीच्या पिशवीबद्दल. जी पाठपिशवी जंगलात नेता, ती घेऊन सिद्धेश्वराच्या यात्रेला घरी येऊ नका. जॅकेटच्या आतल्या खिशात, पिशवीच्या तळाशी एखादं काडतूस राहून जातं, मला स्वतःला असं दोनदा धुताना सापडलंय. आपल्या विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. शिकारीची पिशवी वेगळी ठेवा, आणि निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे उलटे करून झटका.